पहिली-दुसरीला इंग्रजी गोष्ट वाचून दाखवायची की आधी स्पेलिंग?

डोंगरवस्तीची_बाई

परवाच्या शिक्षण परिषदेत यावरून वाद झाला, तोच इथे आणते.

मी बालाघाटच्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी एकत्र बसतात, पट २३. दिवाळीच्या आगेमागे निम्म्या घरांतली माणसं ऊस तोडायला जातात. वस्तीवर इंग्रजी कानावर पडतं ते मोबाईलच्या रिचार्जपुरतं.

दोन वर्षं झाली, परिपाठ झाला की दहा मिनिटं मी एक इंग्रजी गोष्ट मोठ्याने वाचते. आठवडाभर एकच गोष्ट, दहा-बारा वाक्यांची. काही स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या वेबसाइटवरून घेतलेल्या (प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलं, परवाना खुला आहे, छापून घेता येतं), काही मीच रचलेल्या. चित्रं मागच्या पोरांना दिसत नाहीत म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मोठी काढून घेते. माझी कोंबडी जरा बदकाकडे झुकते, पण पोरांची तक्रार नाही.

सुरुवातीला ओळीगणिक मराठी सांगायचे. वन्स म्हणजे एकदा, अपॉन म्हणजे वर, टाइम म्हणजे वेळ. पोरांनी जुळवलं, "एकदा वेळेवर एक राजा होता." त्या दिवसापासून शब्दाला शब्द सोडला. आता बोट चित्रावर, हातवारे, आवाज. गप्पा मात्र मराठीतच: "कोंबडी आता कुठं बघंल रे?" "गव्हाणीत, बाई!" मग मी वाचते, "वेअर इज माय चिक?" पिल्लू हरवलेल्या कोंबडीची गोष्ट आहे, हे वाक्य तिच्यात सात वेळा येतं. मंगळवारपर्यंत नुसती ऐकतात, बुधवारी ओठ हलायला लागतात, गुरुवारी मला वाचूच देत नाहीत.

ऑगस्टात दुसरीतल्या एका मुलीची पेन्सिल शेजारच्याने लपवली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, अगदी मी कोंबडीसाठी ठेवते तशी, आणि म्हणाली, "वेअर इज माय पेन्सिल?" हे वाक्य मी तिला शिकवलेलं नव्हतं. मराठीवरून जुळवलं असतं तर "माय पेन्सिल वेअर इज" झालं असतं. आमच्या पाचवीच्या वह्यांत आजही तसंच असतं.

परिषदेत एक ज्येष्ठ सर म्हणाले, हा नुसता टाइमपास, पोरांना स्वतःच्या नावाचं स्पेलिंग येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सेमीवाली_आई

मॅडम, उपक्रम गोड आहे, पण आमच्या बाजूनेही बघा. माझा मुलगा दुसरीत, सेमीत, म्हणजे गणित इंग्रजीतून. "हाऊ मेनी आर लेफ्ट" म्हणजे वजाबाकी, हे त्याला कोंबडी कशी सांगणार? दर शनिवारी दहा शब्दांचं डिक्टेशन असतं. चुकलं की वहीत लाल रेघ आणि खाली पालकांची सही. मी रात्री त्याला गोष्ट वाचून दाखवायचं म्हटलं, तर माझे उच्चार मलाच पटत नाहीत. आम्ही एबीसीडी पाचवीत गिरवलेली माणसं. मुलाच्या कानावर चुकीचं घालण्यापेक्षा स्पेलिंग घोकून घेते, त्यात तरी बरोबर-चूक कळतं.

निवृत्त_फळा

मी ३४ वर्षं खडू हातात धरला. मॅडम, राग मानू नका, पण परिषदेतल्या त्या सरांची बाजू मी घेणार आहे. कारण मात्र माझं वेगळं.

२००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी वर्गावर होतो. त्याआधी पाचवीला सुरू व्हायचं. माझा तेव्हाही विरोध होता आणि आजही आहे. इंग्रजीशी वैर नाही माझं. पण वेळ तेवढाच आहे हो! शाळेतली रोजची दहा मिनिटं म्हणजे आठवड्याचा जवळजवळ एक तास. जे पोर नोव्हेंबरात कारखान्यावर जाऊन एप्रिलात परत येतं, त्याच्या हातात शाळा राहते पाच-सहा महिने. तेवढ्यात त्याला मराठी जोडाक्षर वाचता आलं पाहिजे. "गव्हाण" वाचता येत नाही आणि "वेअर इज" म्हणता येतं, याचा मला आनंद होत नाही.

गोष्ट जरूर वाचा, रोज वाचा, पण मराठीत वाचा. गोष्टीची सुरुवात कुठे, पुढे काय होईल, कोण लबाड, ही समज एकदा मराठीत पक्की झाली की इंग्रजीत पुन्हा शिकवावी लागत नाही. आमच्या पिढीने पाचवीत सुरुवात करून इंग्रजीत अर्ज लिहिले, निकालपत्रं लिहिली. पुरेसं झालं की.

डोंगरवस्तीची_बाई

@निवृत्त_फळा सर, राग कसला. मराठी गोष्ट दुपारच्या सुट्टीनंतर असतेच, ती सोडलेली नाही. पण तुमच्या पिढीतले जे पाचवीनंतर इंग्रजीत नापास होऊन शेतात गेले, ते इथे अर्ज लिहायला आलेले नाहीत.

@सेमीवाली_आई ताई, माझे उच्चार कुठे चांगले आहेत? "व्हेज" आणि "वेज" माझ्या तोंडून एकच येतं. पोरांनी घेतली ती वाक्याची चाल.

ऑकलंडकर

एक जुना दाखला देतो. वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी फिजीच्या खेड्यांतल्या शाळांत प्रयोग केला, १९८३ साली तो प्रसिद्ध झाला. चौथी-पाचवीची मुलं, घरची भाषा इंग्रजी नाही. वर्गाला २५० चित्रमय गोष्टींची पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षक मोठ्याने वाचून मुलांशी बोलत, काहींत मुलं रोज मनात वाचत, उरलेल्यांत नेहमीची वाक्यरचनेची घोकंपट्टी. पहिल्या वर्षाअखेर वाचन आणि ऐकून समजणं यांत पुस्तकवाले वर्ग नेहमीच्या जवळपास दुप्पट वेगाने पुढे गेले होते.

सेमीवाल्या ताईंसाठी: याच एलींनी पुढे १९८९ साली न्यूझीलंडमधल्या मुलांवर पाहिलं. नुसत्या वाचण्यातूनही शब्द येतात, पण वाचता वाचता शिक्षकाने अडलेला शब्द चित्राने, अभिनयाने किंवा सोप्या शब्दात उलगडला तर दुपटीहून जास्त येतात. म्हणजे बाईंनी कमरेवर ठेवलेला हात वाया जात नाही. इथे माझ्या मुलीच्या शाळेत मोठ्या आकाराची पुस्तकं स्टँडवर ठेवून असंच वाचतात. कॅलेंडरवरचं बदक त्याच जातीचं.

खवचट_कोल्हापुरी

अभ्यास सांगायचा तर पूर्ण सांगा की राव. फिजीत तेव्हा पहिली तीन वर्षं मातृभाषेतून शिकवत, इंग्रजी विषय म्हणून असायचं, आणि चौथीपासून माध्यमच इंग्रजी व्हायचं. म्हणजे ती पोरं नऊ-दहा वर्षांची, स्वतःच्या भाषेत वाचायला शिकलेली, दिवसभर इंग्रजीत बसणारी. बाईंची पोरं सहा-सात वर्षांची, इंग्रजी दिवसाला एखादा तास. खरं तर हा दाखला निवृत्त सरांच्या खिशात जातो: आधी आपली भाषा, मग पुस्तकांचा पूर.

दुसरं, मनात वाचणाऱ्या वर्गांनीही चांगली मजल मारली होती. मग श्रेय मोठ्याने वाचण्याचं की २५० पुस्तकांचं? आमच्या शाळेत पुस्तकं आहेत, कपाटात, कुलपात. फाटली तर भरून कोण देणार म्हणून.

आणि न्यूझीलंडची पोरं म्हणजे घरीदारी इंग्रजी. ते इथे लावू नका.

ऑकलंडकर

न्यूझीलंडचा मुद्दा मान्य, ते मीच आधी लिहायला हवं होतं. फिजीचं सगळं मान्य नाही. चौथीत माध्यम बदललं ते घोकंपट्टीच्या वर्गांचंही, फरक तरीही पडलाच.

सेमीवाली_आई

अवांतर: काल रात्री घाबरत घाबरत चार पानं वाचली. मुलाने दोनदा माझा उच्चार सुधारला, दोन्ही वेळा चुकीचा. डिक्टेशन शनिवारी आहेच, त्याचं काय ते कुणी सांगितलं नाही.

निवृत्त_फळा

मॅडम, माझं एकच मागणं. गोष्टीतलंच वाक्य गोष्टीसारखं म्हटलं तर ते पाठांतर. न ऐकलेला शब्द घालून किती पोरं वाक्य करतात ते मोजा. पेन्सिलवाली एक मुलगी झाली. उरलेल्या २२ जणांचं काय?

डोंगरवस्तीची_बाई

सर, मोजते. दप्तरातली एकेक वस्तू लपवायची आणि काही न सांगता एकेकाला विचारायला लावायचं, असं ठरवलंय. पण दसरा झाला, दोन टोळ्या गेल्या. आज पटावर २३, वर्गात १४. पेन्सिलवालीही गेली, कारखाना कुठला ते तिच्या आजीलाही नीट सांगता आलं नाही. जाताना कोंबडीचं कॅलेंडर मागून घेऊन गेली, त्यामुळे या आठवड्यात मला नवी कोंबडी काढायला लागणार.