परदेशात सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करून भारतात नोकरी : परवान्याबाबत सल्ला हवा आहे

धागाकर्ती, नाशिक
नमस्कार. माझ्या मुलीने यंदा भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी पूर्ण केली असून तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचे आहे. प्रशिक्षण अमेरिकेत घ्यावे की युरोपात, हे ठरत नाही. नोकरी मात्र तिला भारतातच करायची आहे. तिकडचा परवाना इथे तसाच चालतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ताई, नोकरी भारतातच करायची असेल, तर पहिल्या दिवसापासून डीजीसीए या भारतीय विमान वाहतूक नियामकाचे निकष समोर ठेवूनच आखणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो करारामुळे परवान्यांचा किमान दर्जा सर्वत्र सारखा राहत असला, तरी त्याच कराराचे ३२ वे कलम प्रत्येक देशाला आपल्या नागरिकाचा परदेशी परवाना स्वतःच्या हद्दीतील उड्डाणांसाठी नाकारण्याचा अधिकार देते. म्हणून इथे परवान्याचे रूपांतर करून घ्यावेच लागते.

खरी अडचण तासांच्या मोजणीत येते. डीजीसीएला एकूण २०० तास लागतात आणि त्यांपैकी १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला मुख्य वैमानिक, म्हणून हवेत. एफएए या अमेरिकी नियामकाच्या नियमांतील भाग ६१ नुसार किमान २५० तास होतात, त्यामुळे प्रश्न मिटला असे वाटते. परंतु तिथे प्रायव्हेट परवाना मिळाल्यानंतर प्रशिक्षक शेजारी बसून शिकवत असला, तरी विमान विद्यार्थी स्वतः चालवत असल्यास तो वेळ पायलट-इन-कमांड म्हणून लॉगबुकात लिहिता येतो. आपल्याकडे तोच तास ड्युअल, म्हणजे प्रशिक्षकासोबतचा, ठरतो. प्रशिक्षकाशिवायच्या तासांची बेरीज तिने वेगळी ठेवावी. ३०० सागरी मैलांचे क्रॉस-कंट्री (दूरच्या विमानतळांपर्यंतचे) उड्डाणही, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून व पूर्ण थांबून, तिने पायलट-इन-कमांड म्हणूनच करावे आणि त्याची नोंद स्पष्ट असावी. परत आल्यावर हे तास भरून काढणे फार महाग पडते.

प्रतिसाद २
युरोपाबद्दल थोडे. ईएएसए या युरोपीय नियामक संस्थेच्या व्यवस्थेतला परवाना सर्व सदस्य देशांत चालतो, मात्र २०२१ पासून ब्रिटनचा परवाना त्यातून वेगळा झाला आहे. युरोपात एटीपीएलच्या (प्रवासी विमान कंपनीतील मुख्य वैमानिकाचा परवाना) लेखी परीक्षेला १३ विषय असतात. युरोपात नोकरी करायची नसेल, तर हा भार उचलण्याचे कारण मला दिसत नाही.

धागाकर्ती
मनापासून आभार. निघण्यापूर्वी काय उरकून घ्यावे?

प्रतिसाद १
सर्वप्रथम वैद्यकीय तपासणी. एफएएचे वैद्यकीय प्रमाणपत्र इथे उपयोगी पडत नाही, म्हणून शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी डीजीसीएची क्लास टू (प्राथमिक) आणि त्यानंतर क्लास वन (व्यावसायिक वैमानिकांसाठीची) तपासणी करून घ्यावी. दृष्टीचा किंवा रंग ओळखण्याचा काही दोष असेल, तर तो पैसे गुंतण्यापूर्वी कळलेला बरा. डीजीसीएच्या लेखी परीक्षांना ७० टक्के गुण लागतात. अभ्यासाची सवय ताजी असताना, म्हणजे आत्ताच, त्या देऊन टाकाव्यात.