अनुभव धागा: मोबाइल फोटोग्राफीचा छंद. तुम्ही काय टिपता आणि नेमकं कसं?

सावलीरेघ (धागाकर्ती)

फोन सगळ्यांच्या खिशात आहे, फोटोही सगळेच काढतात. पण फोन जे निर्णय परस्पर घेऊन टाकतो, ते आपण आपल्या हातात घ्यायला लागलो की या छंदाची खरी मजा सुरू होते. त्या निर्णयांसाठी हा धागा. "झूम करू नका, उजेडात काढा" एवढ्यावर थांबू नका. सेटिंग, अंतर, वेळ, काय बिघडतं आणि का बिघडतं, तेही लिहा.

सुरुवात मी करते. बहुतेक फोनच्या मुख्य लेन्सचं छिद्र लहान-मोठं होत नाही, ते एफ/१.८ च्या आसपास (एफ आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) कायमचं ठरलेलं असतं. म्हणजे उजेड किती घ्यायचा हे ठरवायला शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (चित्र टिपणारा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) या दोनच गोष्टी उरतात आणि ऑटोमध्ये त्या दोन्ही फोन ठरवतो. प्रो मोडला, म्हणजे हे आकडे स्वतः ठरवायच्या सोयीला, हात लावायच्या आधी एक सवय लावून घ्या. जिथे फोकस हवा तिथे स्क्रीनवर बोट दोन सेकंद दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) दोन्ही लॉक होतात. मग शेजारी दिसणारी सूर्याची खूण खाली ओढा. संध्याकाळचं आभाळ पांढरं पडण्याऐवजी केशरी राहतं ते याच एका हालचालीने. सावलीत गेलेला तपशील नंतर बराचसा उजळता येतो, पांढराफटक झालेला भाग मात्र परत मिळत नाही. म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती अंधाराच्या बाजूने होऊ द्या.

आणि त्याच्याही आधी लेन्स पुसा. रात्रीच्या फोटोत दिव्यांमधून तिरक्या रेघा निघतात, त्या बहुतेक वेळा बोटाच्या तेलकटपणामुळे. चष्म्याचं मऊ फडकं घ्या. पदर किंवा रुमाल नको, त्यात धुळीचे कण अडकलेले असतात.

दिवेघाट

वारीबद्दल लिहितो. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्या छटेवर आणू पाहतं. त्यामुळे पांढरी धोतरं, पांढरे सदरे आणि टोप्यांनी फ्रेम भरली की फोन ती काळवंडून टाकतो. तिथे एक्स्पोजर +०.३ ते +०.७ करा. काळ्या कातळाचं किंवा काळ्या पाषाणाच्या मूर्तीचं उलट असतं. फोन ती उजळवून राखाडी करतो, म्हणून तिथे −०.७.

रिंगणासाठी ऑटो विसरा. धावणारा अश्व गोठवायला शटर १/१००० सेकंद लागतं, फुगडीला १/५०० पुरतं, चालत्या दिंडीला १/२५०. आषाढातल्या ढगाळ दुपारी आयएसओ १०० ते २०० वर १/१००० मिळून जातं, कारण लेन्सचं छिद्र मोठं असतं. टेलिफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर मात्र आयएसओ दुप्पट-चौपट करावा लागतो, तिचं छिद्र लहान असतं. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण असो की पुरंदावड्याचं गोल, अश्व डोळ्यांसमोरून क्षणात निघून जातो. तो यायच्या आधीच रिंगणाच्या वाटेवरच्या जमिनीवर फोकस लॉक करून ठेवा आणि तो टप्प्यात शिरला की बर्स्ट (एकापाठोपाठ झरझर फोटो) सुरू करा. बर्स्टसाठी शटरचं बटण काही फोनमध्ये बाजूला ओढतात, काहींत खाली. ते आधी घरी करून बघा. आणि अनेक फ्रेम एकत्र करणारा नाइट मोड आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा. संध्याकाळच्या कीर्तनात माणसं भुतासारखी दुहेरी दिसतात ती त्यामुळेच.

मोगरा

लग्नात पोर्ट्रेट मोड वापरणाऱ्यांनी मुंडावळ्यांकडे बघा. मागची धूसरता फोन गणिताने रंगवतो. त्यासाठी माणूस कुठे संपतो आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते याचा त्याला अंदाज करावा लागतो. कपाळावरून गालाशी लोंबणारी मोत्यांची सर त्याला अनेकदा पार्श्वभूमी वाटते. मग वरचे चार मोती स्पष्ट आणि खालचे पुसलेले. नथीचा बाहेर आलेला आकडा, चष्म्याची दांडी, सुटलेले केस यांचंही तसंच होतं.

उपाय दोन. पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला फोटो गॅलरीत एडिटला उघडला की बऱ्याच फोनमध्ये एफ आकडा बदलता येतो. तो २ वरून ५.६ किंवा ८ वर न्या, कापलेल्या कडा मिसळून जातात. दुसरा आणि माझ्या मते बरा उपाय म्हणजे साधा फोटो मोड, २ किंवा ३ पट लेन्स (स्क्रीनवरची २x, ३x ची खूण), माणसापासून दीड-दोन मीटर अंतर आणि त्याच्या मागे निदान चार-पाच मीटर मोकळी जागा. खरी धूसरता थोडी कमी मिळते, पण मोती शाबूत राहतात. मुख्य लेन्सने अगदी जवळून चेहरा काढू नका, नाक मोठं आणि कान छोटे दिसतात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे.

ब्युटी फिल्टर शून्यावर आणा. फक्त बंद दिसतोय म्हणून विश्वास ठेवू नका, फ्रंट कॅमेऱ्याची सेटिंग वेगळी असते. गव्हाळ, सावळा रंग परस्पर गोरा करून टाकणं मला अजिबात मान्य नाही. आणि हळदीच्या दिवशी तर तो फिल्टर हळदीचाच रंग खातो.

रानजाई

कास आणि एकूण सड्यांवरच्या (कातळी पठारांवरच्या) फुलांसाठी सविस्तर लिहिते, कारण मोबाइलचं खरं बळ मला मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोत दिसतं.

आधी एक घोळ समजून घ्या. मोठ्या सेन्सरच्या नव्या फोनमध्ये मुख्य लेन्स पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही. तुम्ही जवळ गेलात की फोन गुपचूप अल्ट्रावाइड (सगळ्यात रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सवर जातो आणि तिच्यातून मधला भाग कापून दाखवतो. ती लेन्स दोन-तीन सेंटिमीटरवर फोकस करते हे खरं, पण तेवढ्या जवळ गेल्यावर फुलावर फोनचीच सावली पडते. म्हणून फोन अशा बाजूने न्या की सूर्य फुलाच्या मागे किंवा बाजूला राहील.

क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स घेणार असाल तर डायॉप्टरचा, म्हणजे भिंगाच्या ताकदीचा आकडा बघा. हजाराला त्या आकड्याने भागलं की साधारण किती मिलिमीटरवरून काढता येईल ते कळतं. +१० ची लेन्स म्हणजे दहा सेंटिमीटर. ही लेन्स मुख्य कॅमेऱ्यावर बसवायची आणि फोनचा ऑटो मॅक्रो बंद ठेवायचा, नाहीतर फोन अल्ट्रावाइडवर उडी मारतो आणि स्क्रीनवर क्लिपचा काळा गोल दिसतो. स्पष्टतेची पट्टी जेमतेम काही मिलिमीटरची असते. स्क्रीनवर टॅप करत बसू नका. फोकस लॉक करा आणि फोन श्वासागणिक पुढे-मागे सरकवत बर्स्ट घ्या, त्यातला एखादा नेमका लागतो.

सीतेची आसवे हे जांभळं-निळं फूल जेमतेम नखाएवढं. वरून काढलं तर गवतात हरवतं. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते, आणि मागे सावलीतला भाग निवडा. दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा ही कीटक खाणारी वनस्पती, तिच्या केसांवरचे चिकट थेंब उजेड मागून आला तरच चमकतात. गेंदाचे पांढरे गोळे आणि कवल्याची पिवळीधमक फुलं गडद गवतात असल्याने फोन ती हमखास जाळतो, म्हणजे पांढरीफटक करतो. गेंदाला −१, कवल्याला −०.७. पिवळ्यात फसगत जास्त, कारण फोटो एकूणात ठीक दिसतो पण पाकळीच्या शिरा गायब झालेल्या असतात. वाऱ्यासाठी १/५०० ठेवा.

पाय कुठे ठेवताय ते बघा. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि तुडवलेल्या जागी पुढच्या वर्षी फुलं येतीलच असं नाही. वाटेच्या कडेला बसून हात लांब करून मिळतं तेवढंच टिपायचं. कुंपणापलीकडच्या फुलासाठी ३ पट लेन्स आहे.

सावलीरेघ

रानजाई, मॅक्रोसाठी लांब जायलाच हवं असंही नाही. ॲपलच्या २०२२ च्या आयफोन मॅक्रो स्पर्धेत निवडलेल्या दहा फोटोंत कोल्हापूरच्या प्रज्वल चौगुले यांचा फोटो होता. विषय काय, तर कोळ्याच्या जाळ्यावरचे दवबिंदू. पावसाळा सरल्यावरच्या कुठल्याही सकाळी कुंपणावर सापडतील असे.

अंधारवाट

काजव्यांबद्दल कुणी विचारायच्या आधीच लिहितो. मेच्या अखेरीपासून जोराचा पाऊस लागेपर्यंत अकोले तालुक्यात, भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या बाजूला, हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लखलखतात.

नाइट मोड इथे उपयोगाचा नाही. तो बऱ्याच फ्रेम एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढतो आणि एकाच फ्रेममध्ये दिसलेला ठिपका त्याच्या दृष्टीने कचरा असतो. काजवा नेमका तोच ठिपका. म्हणून प्रो मोड, ट्रायपॉड, आयएसओ ८०० ते १६००, शटर १५ ते ३० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ४००० केल्व्हिनवर पक्का. फोकससाठी दूरचा एखादा दिवा धरा, तो स्पष्ट झाला की मॅन्युअलवर टाका. पट्टीवरची अनंताची खूण कित्येक फोनमध्ये किंचित पुढे गेलेली असते, तिच्या भरवशावर राहू नका. बटण दाबताना बसणारा हिसका टाळायला तीन सेकंदांचा टायमर.

पहिली फ्रेम संधिप्रकाशात घ्या, झाडाचा आकार दिसतोय तोवर. मग ट्रायपॉड जराही न हलवता अंधारात वीस-तीस फ्रेम. घरी आल्यावर स्नॅपसीड या एडिटिंग ॲपमध्ये पहिली फ्रेम उघडून 'डबल एक्स्पोजर' घ्या, दुसरी फ्रेम जोडा, मोड 'लायटन', पारदर्शकतेची पट्टी पूर्ण उजवीकडे, सेव्ह. मग त्यावर तिसरी. या मोडमध्ये प्रत्येक ठिकाणी दोघींपैकी उजळ असेल तो बिंदू राहतो, त्यामुळे झाड तेवढंच गडद राहतं आणि काजवे वाढत जातात. उकाड्याच्या रात्री सेन्सर तापून लाल-निळे ठिपके येतात, ते 'हीलिंग'ने काढा.

टॉर्च, फ्लॅश, फोकस करताना फोनचा आपोआप पेटणारा दिवा सगळं बंद, स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी. काजव्यांचं लुकलुकणं हा जोडीदाराला दिलेला इशारा असतो. आपल्या उजेडात तो बुडतो आणि त्यांचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा. यात तडजोड नको.

निरांजन

गणपतीच्या सजावटीत फोटोवर आडव्या काळ्या पट्ट्या येतात त्याबद्दल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फोन फोटो ओळीओळीने वाचतो, म्हणून वेगवान शटरला काही ओळी मंद क्षणी सापडतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्ट्या जातात. मंद-तेज करता येणाऱ्या एलईडी माळांची लय वेगळी असते, तिथे १/२५ पर्यंत उतरा आणि फोन कशावर तरी टेकवा.

वाफाळ

खाण्याच्या फोटोंत पदार्थापेक्षा ट्यूबलाइट जास्त घात करते. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा वेगळा. दोन्ही एकत्र आले की भात एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळा. दिवे बंद करा, ताट खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा.

२ पट लेन्स, अर्धा-पाऊण मीटर अंतर. १ पटने जवळ गेलात तर गोल ताट अंड्यासारखं दिसतं. थालीपीठ, भाकरी, पुरणपोळी वरून सरळ काढा. ग्रिड सुरू केल्यावर काही फोनमध्ये मध्यभागी अधिकच्या दोन खुणा दिसतात, त्या एकमेकींवर आल्या की फोन जमिनीला समांतर. उंचीचे पदार्थ, उदाहरणार्थ वाटीतली मिसळ, ४५ अंशांतून. तर्री फोटोच्या अगदी आधी ओता, फरसाण लगेच मऊ पडतं. वाफ हवी असेल तर उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद.

पाणकणीस

पावसात फोन सांभाळण्याबद्दल थोडं. गाडीच्या एसीतून बाहेर आल्यावर थंड काचेवर बाष्प जमतं. पुसत राहिलात तर पुन्हा जमतं. दहा-पंधरा मिनिटं फोन बाहेरच्या हवेला येऊ द्या. ओल्या स्क्रीनवर स्पर्श नीट लागत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढा. आयपी६८ या पाणीरोधक दर्जाची चाचणी गोड्या पाण्यातली असते. कोकणात लाटेचे शिंतोडे उडाले तर गोड्या पाण्याने पुसून घ्या आणि चार्जिंगचं छिद्र पूर्ण सुकेपर्यंत वायर लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याची भुकटी आत जाते.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर १/४ सेकंद लागतं. छिद्र लहान करता येत नाही म्हणून एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच. १/२५० चा उजेड असेल तर एनडी६४ (उजेड ६४ पट कमी) लावल्यावर १/४ मिळतं. फिल्टर नसेल तर आयफोनच्या लाइव्ह फोटोतला 'लाँग एक्स्पोजर' हा पर्याय वापरा, फक्त फोन स्थिर हवा.

शाईपेन

एवढी मेहनत करून फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की ४०३२ × ३०२४ चा फोटो कितीतरी लहान होऊन पोचतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते.

मोगरा

शाईपेन, छापून घ्यायचे असतील तर? १२ मेगापिक्सेल किती मोठ्या प्रिंटला पुरतात?

शाईपेन

इंचाला ३०० बिंदू धरले तर साधारण १३ × १० इंच. भिंतीवर लावायला १८ × १२ सुद्धा चालतं, कारण तो आपण हातभर लांबून बघतो. ५० मेगापिक्सेलचा मोड भर उन्हातच वापरा. कमी उजेडात चार बिंदू मिळून एक करणारा नेहमीचा १२ मेगापिक्सेलचा फोटोच स्वच्छ येतो.

अडचण येते ती आकाराची. फोनचा फोटो ४:३, अल्बमचा ४ × ६ प्रिंट ३:२. लॅबचं यंत्र आडव्या फोटोच्या उंचीतला सुमारे ११ टक्के भाग परस्पर कापतं आणि त्यात नेमका फेट्याचा तुरा जातो. म्हणून फोटो काढतानाच वर-खाली थोडी जागा सोडा, लॅबला देण्याआधी स्वतः ३:२ मध्ये कापून घ्या आणि 'ऑटो करेक्शन नको' असं सांगून द्या.