कोठडीच्या तक्रारी आणि ग्राह्यतेचे आक्षेप : स्ट्रासबर्गचे न्यायालय आधी काय तपासते?

प्रश्न

स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे कोठडीविषयक निकाल मी सध्या क्रमाने वाचत आहे. त्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. अर्जदाराने देशातले सर्व कायदेशीर मार्ग अनुसरलेले नाहीत, म्हणून अर्ज ग्राह्य धरू नये, असा आक्षेप सरकार आरंभीच घेते; न्यायालय मात्र त्यावर लगेच निर्णय न देता तो तक्रारीच्या गुणदोषांबरोबर तपासण्याचे ठरवते आणि बहुधा शेवटी फेटाळते. ग्राह्यता, म्हणजे अर्ज सुनावणीस घेता येतो की नाही हे, आधी ठरावी, हे तत्त्व इथे का बाजूला पडते? तसेच देशात भरपाईचा दावा न लावता थेट स्ट्रासबर्गला गेलेल्याचा अर्ज केव्हा टिकतो?

प्रतिसाद १

तत्त्व बाजूला पडत नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते, म्हणून ते एकत्र घेतले जातात. हे न्यायालय ज्यावर चालते त्या युरोपीय मानवी हक्क करारनाम्याच्या अनुच्छेद ३५ नुसार देशातले उपाय आधी वापरावे लागतात, परंतु ते प्रत्यक्षात उपलब्ध आणि परिणामकारक होते हे दाखवण्याचा भार सरकारवर असतो. अनुच्छेद ५ च्या परिच्छेद ४ नुसार, कोठडी बेकायदेशीर असल्यास सुटकेचा आदेश देऊ शकणाऱ्या न्यायालयाकडे जाण्याचा हक्क प्रत्येक बंदिवानाला आहे. आता सरकार म्हणते की असा मार्ग होता आणि त्याने तो वापरला नाही; बंदिवान म्हणतो की असा मार्गच नव्हता, आणि हीच त्याची तक्रार आहे. मग आक्षेपावर आधी निर्णय द्यायचा कसा? बेल्जियममध्ये भटके म्हणून डांबलेल्या तिघांच्या १९७१ च्या निकालात न्यायालयाने असे आक्षेप स्वतः तपासण्याचा आपला अधिकार स्पष्ट केला, ते फेटाळले आणि याच परिच्छेदाचा भंग झाल्याचे ठरवले. माझ्या मते हा विषय समजण्यासाठी तो निकाल सर्वांत आधी वाचावा.

प्रतिसाद २

भरपाईच्या प्रश्नात माणूस अजून आत आहे की बाहेर आला आहे, हे पाहावे लागते. जो आत आहे त्याला पैसे मिळाल्याने दार उघडत नाही. म्हणून चालू कोठडीबाबत केवळ भरपाई देणारा उपाय पुरेसा मानला जात नाही. सुटका झाल्यानंतर मात्र, देशातल्या न्यायालयाला कोठडी बेकायदेशीर ठरवून भरपाई देण्याचा अधिकार असेल, तर तो मार्ग आधी वापरावा लागू शकतो. तुरुंगातल्या दाटीविषयी रशियाविरुद्ध दिलेल्या २०१२ च्या पथदर्शी निकालात (म्हणजे देशातल्या व्यवस्थेतलाच दोष दाखवणाऱ्या निकालात) तर वाईट स्थिती थांबवणारा प्रतिबंधक आणि भरपाईचा असे दोन्ही उपाय आवश्यक मानले गेले.

अनेक अर्ज बुडतात ते स्ट्रासबर्गला अर्ज करण्याच्या मुदतीमुळे, आणि हे वाचताना मला फार वाईट वाटते. पूर्वी सहा महिन्यांची असलेली ही मुदत १ फेब्रुवारी २०२२ पासून चार महिन्यांची झाली. अनुच्छेद ५ च्या परिच्छेद ३ च्या दृष्टीने खटल्यापूर्वीची कोठडी पहिल्या न्यायालयाने दोषी ठरवले त्याच दिवशी संपते. अपील प्रलंबित असतानाचा बंदिवास वेगळ्या शीर्षाखाली जातो. त्यामुळे अपिलाच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या माणसाची कोठडीच्या लांबीविषयीची तक्रार त्याच्या नकळत मुदतबाह्य होते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. चालू कोठडीचा मुद्दा आता स्पष्ट झाला. सरकारने आक्षेप घेतलाच नाही, तर न्यायालय स्वतःहून तो विचारात घेते का?

प्रतिसाद ३

दोन आक्षेपांचे उत्तर दोन तऱ्हेचे आहे. उपाय न वापरल्याचा आक्षेप सरकारने ग्राह्यतेवरील आपल्या म्हणण्यात वेळेवर मांडावा लागतो. न्यायालयाच्या नियम ५५ मध्ये तसे म्हटले आहे, आणि विशेष कारण नसताना उशीर झाल्यास सरकारला पुढे तो मुद्दा काढता येत नाही. मुदतीचे तसे नाही. सरकार गप्प राहिले तरी न्यायालय मुदत स्वतःहून तपासते, कारण तिच्यावरचा हक्क सोडून देणे सरकारच्या हाती नाही. म्हणून अर्जदाराच्या वकिलाने दोषसिद्धीची तारीख सर्वांत आधी पाहावी.