सल्ला हवा: १ किलोवॉटच्या पीईएम फ्युएल सेलसाठी कुठलं न्यूरल नेटवर्क घेऊ?

घटविद्यार्थी:
नमस्कार मंडळी. हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज करणारा, २४ सेल रचून केलेला साधारण १ किलोवॉटचा स्टॅक आहे, पाण्याने थंड होणारा, ६५ अंशावर चालतो. लोड २० वरून एकदम ५० अँपिअरला नेला की व्होल्टेज खाली बसतं आणि हवा देणारा ब्लोअर मागून धावत येतो. पीआय कंट्रोलर (फरक बघून हवा कमीजास्त करणारा नेहमीचा नियंत्रक) ३० अँपिअरला नीट ट्यून केला तर ५५ ला हेलकावे खातो. म्हणून व्होल्टेजचं न्यूरल मॉडेल करून त्यावरून हवा सोडायचा विचार आहे. बजेट पक्कं आहे: टेस्ट बेंचचे फक्त ४० तास, जीपीयू नाही, शेवटी सगळं २५६ केबी रॅमच्या मायक्रोकंट्रोलरवर बसलं पाहिजे. आर्द्रतेचा सेन्सर नाही. एलएसटीएम (मागचं लक्षात ठेवणारं मोठं नेटवर्क), नार्क्स (मागची मोजमापं आणि मागचं व्होल्टेज घेऊन पुढचं सांगणारं) की साधं एमएलपी (फक्त आत्ताची मोजमापं बघणारं)?

खोलथर:
डोळे मिटून एलएसटीएम. मी दोन थरांचं लावलं, ३०० तासांचा डेटा होता, जीपीयूवर एका रात्रीत ट्रेन झालं आणि आलेख असे एकावर एक बसले की आमचे सर दोनदा बघत राहिले. मेंब्रेन (सेलच्या मधला पातळ पडदा) ओलं-कोरडं व्हायला काही सेकंदांपासून काही मिनिटं लागतात, तापमानाला त्याहून जास्त, हा मागचा इतिहास एमएलपीला कुठून कळणार? तास वाढवून मागा.

घटविद्यार्थी:
तास वाढणार नाहीत हो, ४० म्हणजे ४०.

जुना_कंट्रोलवाला:
न्यूरल नेटवर्क कशाला मुळात? करंटवरून हवा थेट काढता येते. ऑक्सिजन लागतो करंट गुणिले सेलची संख्या, भागिले ४ गुणिले फॅराडेचा स्थिरांक. तुमचे २४ सेल, ६४ अँपिअर धरले तर हवा साधारण २५ लिटर मिनिटाला, दुप्पट सोडायची तर ५१. हा फीडफॉरवर्ड (करंट बघून आधीच हवा सोडणं) टाका, वर हळू पीआय ठेवा, झालं. मी नेटवर्कच्या नादात २ सेल घालवलेत, म्हणून तळमळीने सांगतोय.

मेंब्रेनताई:
+१ फीडफॉरवर्डला. पण दादा, सेल गेले कसे ते सांगा ना, तेच खरं उपयोगाचं आहे.

जुना_कंट्रोलवाला:
सांगतो. डेटा घेताना ब्लोअर जुन्या कंट्रोलरवरच चालू होता, म्हणजे करंट वाढला की हवा वाढणार, आणि करंट वाढला की व्होल्टेज तर पडणारच. दोन्ही कायम जोडीनेच हलले. नेटवर्क शिकलं की जास्त हवा म्हणजे कमी व्होल्टेज. ट्रेनिंगची चूक अगदी कमी, मी खूश. मग त्याच्या भरवशावर कंट्रोलर सोडला, त्याने व्होल्टेज वाढवायला हवा कमी केली. ऑक्सिजन संपला, २ सेल उलटे झाले, म्हणजे त्यांचं व्होल्टेज उणे गेलं. मॉडेल डेटाशी प्रामाणिक होतं, डेटाच एकांगी होता. तेव्हा मॉडेल करायचंच असेल तर करंट स्थिर ठेवून हवा वेगळी हलवा, गरजेच्या १.८ पट ते ३ पट, वेडीवाकडी, आणि हे प्रत्येक करंटला.

डेटाखोर:
हे सोनं आहे, धागाकर्त्याने लिहून ठेवावं. माझी भर: सॅम्पल सरमिसळ करून ट्रेन-टेस्ट पाडू नका. सेकंदाला १० नोंदी असतील तर शेजारची नोंद जवळजवळ तीच असते, चूक खोटी कमी दिसते. मला अशी ९९ टक्के अचूकता आली होती आणि दुसऱ्या दिवशी थंड स्टॅकवर सगळं कोसळलं. एक अख्खा दिवस टेस्टसाठी बाजूला ठेवा.

खोलथर:
परत सांगतो, एलएसटीएम.

समीकरणवाली:
मधला रस्ता घ्या. ॲक्टिव्हेशन (अभिक्रियेचा), ओहमिक (रोधाचा), कॉन्सन्ट्रेशन (वायू कमी पडल्याचा) हे व्होल्टेजचे तीन लॉस समीकरणांनी लिहा आणि जे उरतं तेवढंच नेटवर्कला शिकवा. हवेच्या बाजूसाठी पुक्रुश्पान, स्टेफानोपुलू आणि पेंग यांचं २००४ चं मॉडेल बघा, ३८१ सेलच्या स्टॅकचं आहे, कंप्रेसर आणि मॅनिफोल्ड (हवा वाटणारी नळी) यांच्यासकट. असं हायब्रिड कमी डेटात भागतं आणि डेटाच्या बाहेर गेलं तरी वेडं होत नाही.

डेटाखोर:
सहमत, हायब्रिड. मीही हेच म्हणणार होतो.

विदाशोधक:
२०१४ च्या आयईईईच्या पीएचएम (यंत्राची झीज आधी ओळखणं) स्पर्धेचा डेटा घ्या की, ५-५ सेलचे २ स्टॅक, बेंचचे तास वाचतील.

मेंब्रेनताई:
तो झीज मोजायचा डेटा आहे भाऊ. एक स्टॅक स्थिर ७० अँपिअरला, दुसऱ्यावर वरून रिपल, म्हणजे करंटची छोटी जलद चढउतार. लोडची उडी नेटवर्कला त्यातून शिकता येणार नाही. आणि दुसऱ्याच्या स्टॅकचं व्होल्टेज तुमच्या स्टॅकला लागू होईलच असं नाही.

घटविद्यार्थी:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. मी नार्क्स घेतोय, एकच लपलेला थर, १२ न्यूरॉन, मागच्या ५ सेकंदांचे करंट, हवा, तापमान आणि व्होल्टेज. हायब्रिड पटतं, पण एक्स्चेंज करंट (अभिक्रियेच्या वेगाचा आकडा) आणि मेंब्रेनचा रोध नीट बसवायलाच माझे निम्मे तास जातील, आणि आर्द्रता मोजता येत नसल्याने ते आकडे रोज सरकतील. नुसता फीडफॉरवर्ड आधीच लावून बघितलाय, उडीला तो पुरत नाही, ब्लोअरच उशिरा पोचतो. नेटवर्कला हवा गरजेच्या १.८ पटीच्या खाली नेताच येणार नाही, ती अट बाहेरच्या कोडमध्ये, आणि कुठलाही सेल ०.४ व्होल्टखाली गेला की लोड तोडणार. ४० पैकी ३० तास जुन्या_कंट्रोलवाल्या दादांनी सांगितलं तसं करंट धरून हवा हलवायला. सोमवारी बेंच मिळतोय, पहिला दिवस २० अँपिअरवर.

जुना_कंट्रोलवाला:
उड्यासुद्धा घ्या, नुसता स्थिर करंट नको. आणि १.८ चा हिशोब मोजलेल्या करंटवर नको, मागितलेल्या करंटवर लावा. नाहीतर उडीला पहिली काही क्षणं सेल उपाशीच राहतील.

खोलथर:
नार्क्स स्वतःच्याच अंदाजावर पुढे चालवलं की चूक साचत जाते, हे तपासून बघा.

घटविद्यार्थी:
हो, टेस्टच्या दिवसावर तसंच चालवून बघणार, मोजलेलं व्होल्टेज आत न देता.