मेगाट्रॉन स्टारस्क्रीमला हाकलत का नाही?

खलनायक उघडउघड गद्दार हस्तक पदरी बाळगतोच कशाला, हा प्रश्न निघाला की स्टारस्क्रीमचं नाव यायलाच हवं. १९८४ च्या 'ट्रान्सफॉर्मर्स' कार्टूनमधला, एफ-१५ विमान होणारा रोबो. आपल्याला खुर्ची हवीय हे तो आपल्या म्होरक्याच्या, खलनायक मेगाट्रॉनच्या, तोंडावर सांगायचा आणि डाव फसला की लगेच गयावया! मला मेगाट्रॉनचं गणित पटतं. याचा कट आधीच ठाऊक असतो, गप्प बसणाऱ्याचा नसतो. (कार्टूनवाल्यांना या रोबोंची खेळणी विकायची होती, हेही आहेच म्हणा.) १९८६ च्या चित्रपटात मात्र त्याने जखमी मेगाट्रॉनला खरंच अवकाशात फेकलं, मुकुट चढवला, गॅल्व्हाट्रॉन बनून परतलेल्या मेगाट्रॉनने भर समारंभात त्याची राख केली. पुढच्या भागांत तर पठ्ठ्या भूत होऊनही कारस्थानं करतो.