पायराइटला मिठाचं पाणी नको!

अकीक आणि पायराइट (सोन्यासारखं चमकणारं खनिज) हे दोन्ही दगड मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून 'शुद्ध' करा, असा सल्ला एका पोस्टमध्ये वाचला. अकीक ते सोसेल. तो मुळात क्वार्ट्झच (गारगोटीचं खनिज), मोस मापनावर (१ ते १०) कठीणता साडेसहा ते सात, कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. (फक्त भडक निळा-गुलाबी अकीक बहुतेक वेळा रंगवलेला असतो, तो उन्हात ठेवू नका.)

पायराइटचं तसं नाही. ते लोह आणि गंधक यांचं संयुग. दमट हवेत सावकाश ऑक्सिडेशन होतं, त्यातून सल्फ्युरिक आम्ल आणि पांढरट-पिवळसर भुकटी तयार होते. माझा एक तुकडा रत्नागिरीच्या दोन पावसाळ्यांत असाच गेला. खालचा पुठ्ठासुद्धा जळाल्यासारखा झाला होता! तेव्हापासून उरलेले तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, साफसफाई कोरड्या ब्रशने. स्पेनमधल्या 'नावाहून' (Navajún) या गावचे पायराइटचे घन इतके रेखीव असतात की लोकांना ते यंत्रावर कापलेले वाटतात. पण ते निसर्गतःच तसे घडतात.

सोनं की पायराइट, हे पाहायला चिनीमातीच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि तिच्यावर तुकडा घासा. पायराइटची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची पिवळी.

अकीक घ्यायचाच तर गुजरातमधल्या खंबातचा बघा. भरुचजवळच्या रतनपूरचे दगड तिथे भाजून लाल करतात, मग घासून मणी बनवतात. हडप्पा काळातही गुजरातेत हेच चालायचं.

आणि पायराइट बुडवून ठेवलेलं पाणी प्यायचं कुणी सुचवलं असेल, तर कृपया नको.