मदत हवी आहे: ठराव झाला, निधीचं पत्रही आहे, पण खुल्या जागेचा सातबारा मूळ मालकाच्या नावावर

नमस्कार मंडळी,

नगरपालिकेचा कारभार आतून पाहिलेलं कुणी असेल तर मार्गदर्शन हवंय. थोडं लांबण लागेल. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

आमची क वर्ग नगरपरिषद, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या आतली. बरीच वर्षं प्रशासक होते, तेव्हा सगळ्या अर्जांवर "बॉडी (म्हणजे निवडून आलेले नगरसेवक) आल्यावर बघू" हे एकच उत्तर. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर बॉडी आली. आमच्या प्रभागाचे नगरसेवक तरुण आहेत, फोन उचलतात, एवढ्यावरच आम्ही खूश होतो.

आमचं ले-आउट १९९० च्या दशकातलं. मंजूर नकाशात साधारण १८०० चौरस मीटरची 'खुली जागा' हिरव्या रंगात दाखवलेली आहे. प्रत्यक्षात तिथे वेडी बाभूळ, पडलेल्या घरांचं डबर आणि पालिकेचीच चाक निखळलेली कचऱ्याची ट्रॉली. ट्रॉलीच्या मागे पत्र्याची पाटी: 'ही जागा नगरपरिषदेच्या मालकीची आहे. अतिक्रमण करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' ही पाटी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रहिवासी मंडळाने अर्ज दिला की जागा साफ करून बाग करा आणि एका कोपऱ्यात अभ्यासिका बांधा. भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी बरीच पोरंपोरी आमच्या भागात आहेत, आणि दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना अभ्यास होत नाही. नगरसेवकांनी विषय लावून धरला. सर्वसाधारण सभेत तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात आला आणि एकमताने मंजूर झाला. आमदार निधीतून २० लाखांचं शिफारसपत्रही मिळालं. इथवर सगळं छान.

इतिवृत्ताची प्रत हाती आली तेव्हा ठराव वेगळाच निघाला. '...येथील खुल्या जागेत सामाजिक सभागृह बांधणे व अनुषंगिक कामे करणे.' बाग नाही, अभ्यासिका नाही. असलीच तर 'अनुषंगिक' या शब्दाच्या पोटात. बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकात ३०० चौरस मीटरचं सभागृह, आणि २० लाखांत त्याचा 'पहिला टप्पा'. पहिला टप्पा म्हणजे काय ते आम्हाला पाठ आहे. पाया, कॉलम आणि वर आकाशाकडे बघणाऱ्या सळया. असा एक पहिला टप्पा शेजारच्या प्रभागात उभा आहेच.

त्यात आता फाइल अडकली. जिल्हा नियोजन कार्यालयाने जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा मागितला, आणि सातबारा काढला तर त्यावर मूळ जमीनमालकाच्या वारसांची नावं! पालिकेचं नाव कुठेच नाही, इतर हक्कातसुद्धा नाही. मुख्याधिकाऱ्यांचं तोंडी म्हणणं, "आधी जागा नावावर करून आणा." एक वारस म्हणतात, मोबदला द्या, सही देतो.

तर माझे प्रश्न असे. जागा पालिकेच्या नावावर करण्याचं काम रहिवाशांचं की पालिकेचं? वारसांना खरंच मोबदल्याचा हक्क आहे का? ले-आउटच्या खुल्या जागेत एवढं मोठं सभागृह बसतं का? आणि समजा अभ्यासिका झालीच, तर लाइटबिल, झाडलोट आणि किल्ली कुणाकडे? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या मंडळातच दोन तट आहेत. आमदार निधीतून बांधकाम होतं, पण महिन्याचा खर्च त्यातून निघत नाही, इतपत कळलं आहे.

भांडायचं नाहीये. काम व्हायला हवंय.

जुना_लिपिक

पालिकेत बांधकाम विभागाच्या टेबलावर नोकरी गेली, म्हणून लिहितो.

ठराव म्हणजे काम नव्हे. ठराव ही फक्त इच्छा. त्यानंतर जागेची कागदपत्रं, नकाशा-अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग मोजमाप पुस्तिकेत नोंदी आणि देयक. तुमची फाइल पहिल्याच पायरीवर आहे, आणि एका अर्थी ते तुमच्या पथ्यावर पडलंय. कार्यारंभ आदेश निघाल्यावर सभागृहाची अभ्यासिका करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

पहिलं काम: ले-आउट मंजुरीचा मूळ आदेश आणि अकृषिक आदेश मिळवा. नुसता नकाशा नको, अटींसकट आदेश हवा. त्या काळात अकृषिक परवानगी जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खाली मिळायची, तेव्हा एक प्रत महसूलकडे असणार, दुसरी पालिकेच्या नगररचना विभागात किंवा सहायक संचालक, नगररचना यांच्याकडे. पालिकेत 'सापडत नाही' म्हणाले तरी तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडते. खुली जागा विनामोबदला पालिकेकडे द्यायची की प्लॉटधारकांच्या सामाईक वापरात ठेवायची, हे तिथल्या अटीत लिहिलेलं असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर एक ध्यानात ठेवा. आपल्या राज्याच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. लोक तीन पानी गाऱ्हाणं लिहितात आणि तिथेच फसतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, 'अमुक सर्व्हे नंबरच्या ले-आउटचा मंजुरी आदेश, अटी व नकाशा यांच्या साक्षांकित प्रती' एवढंच मागा. ठराव आणि अंदाजपत्रकासाठी वेगळा अर्ज. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आणि आयत्या वेळच्या ठरावावर उद्या कुणीही खुसपट काढेल. नगरसेवकांना सांगून पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर रीतसर विषय घ्या आणि फेरठराव करा. मसुदा तुम्हीच लिहून द्या. कोऱ्या कागदावर लिपिक त्याच्या सवयीचं वाक्य लिहितो, आणि 'सामाजिक सभागृह बांधणे' हे त्याच्या सवयीचं वाक्य आहे. मीही शेकडो वेळा लिहिलंय.

काळा_कोट

मालकीपुरतं बोलतो. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा हा सल्ला ढोबळ समजा.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून वारस ती जागा विकायला किंवा प्लॉट पाडायला मोकळे, असं नाही. ले-आउट मंजूर करताना जागा खुली ठेवली आणि त्या नकाशावर बाकीचे प्लॉट विकले, की ती रहिवाशांच्या उपयोगासाठी बांधली गेली. सर्वोच्च न्यायालयाचा चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महानगरपालिका हा निकाल वाचा, १९९५ च्या एससीसी या निकालसंग्रहात आहे. त्याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही तुमच्या कामाच्या. एक, कायद्यात तरतूद नसताना पालिका अशी जागा फुकटात स्वतःच्या मालकीची करून मागू शकत नाही. दोन, मालकाकडेही ती समाजासाठी विश्वस्त म्हणून ठेवल्यासारखीच राहते आणि पालिका तिची देखभाल विश्वस्त या नात्याने करू शकते.

म्हणजे पाटीवरचं 'मालकीची' बहुधा चूक, आणि त्या वारसांचं मोबदल्याचं म्हणणंही सरसकट बरोबर नाही. आदेशात विनामोबदला हस्तांतराची अट असेल तर पालिकेने वारसांना नोटीस देऊन करारनामा आणि फेरफार करून घ्यायचा. ते काम पालिकेचं, रहिवाशांचं नव्हे. 'नावावर करून आणा' हे मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी मागा. तोंडी उत्तर लेखी द्यायची वेळ आली की बरेचदा बदलतं. तशी अट नसेल, तर वारस आणि प्लॉटधारकांची संमती घेऊन ताबा-देखभालीचा कागद हा व्यवहार्य मार्ग. नियोजन कार्यालयाला तो पुरतो का, तेवढं आधी विचारून घ्या.

सभागृहाविरुद्ध कुणी तुम्हाला नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ चा रस्ता दाखवेल. जिल्हाधिकारी ठरावाला स्थगिती देऊ शकतात, खरं आहे. पण एकदा स्थगिती आली की बाग, अभ्यासिका, निधी सगळं त्याच फायलीत झोपतं. तो शेवटचा उपाय.

कंपास_पेटी

सभागृह बसत नाही. आकडे बघा.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत खुल्या जागेत बांधकामाला मर्यादा आहे: जास्तीत जास्त दोन मजले, एकूण बांधकाम खुल्या जागेच्या १५ टक्के, आणि त्यातलं तळमजल्यावर १० टक्क्यांहून जास्त नाही. तुमची जागा १८०० धरली तर तळमजला १८०, दोन्ही मजले मिळून २७०. त्यांचं ३०० चं सभागृह दोन मजल्यांवर विभागलं तरी मावत नाही, आणि 'पहिला टप्पा' म्हणून कॉलम रोवले तर ते कायमचेच तसे राहतील.

वापरही ठरलेले आहेत. व्यायामशाळा, योग केंद्र, बालवाडी, वाचनालय, क्लब हाउस अशा गोष्टी त्यात येतात. म्हणून ठरावात नुसतं 'अभ्यासिका' न लिहिता 'वाचनालय व अभ्यासिका' लिहा, म्हणजे नियमातला शब्द ठरावात येतो. शंभरेक चौरस मीटरची बैठी इमारत तुम्हाला पुरेल. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि व्हीलचेअरचा उतार पहिल्याच नकाशात घाला, मागाहून कुणी घालत नाही. उरलेली जागा मोकळी ठेवा. बागेच्या नावाखाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले तर उन्हाळ्यात तिथे कुणी पाय ठेवणार नाही.

मु_पो_तालुका

सभागृह झालं की लग्नाचे डीजे तुमच्या खिडकीत. रात्री अकराला अभ्यास करा म्हणावं.

सहज_आलो

@काळा_कोट, बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा, १९९१, हाही निकाल उपयोगी पडावा. बागेची जागा खाजगी रुग्णालयाला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकले. पत्रात एक ओळ उल्लेख केलात तरी वाचणारा जरा सरळ बसतो.

किल्ली_माझ्याकडे

बाकीच्यांनी कायदा सांगितला. मी किल्लीचं सांगतो, कारण आमच्या गावची अभ्यासिका आमचं मंडळ चालवतं.

बांधून झाल्यावर पालिका उद्घाटन करते आणि विसरते. वीजजोडणी पालिकेच्या नावावरच घ्या. मंडळाच्या नावावर घेतलीत की पालिका म्हणते, बिल तुमचं. आमच्यात वाटणी अशी: वीज, पाणी आणि मोठी दुरुस्ती पालिकेची, झाडलोट, किल्ली, वर्तमानपत्रं आणि शिस्त मंडळाची. मुलांकडून नाममात्र मासिक वर्गणी घेतो, फळ्यावर दर महिन्याला जमाखर्च लिहितो. फळा लागल्यापासून वर्गणीवरून कुरकुर नाही. पुस्तकांपेक्षा प्लग पॉइंट जास्त लागतात, प्रत्येक टेबलाला एक ठेवा. रात्री कुलूप लावायला परीक्षार्थींमधलेच दोघे जण आळीपाळीने ठेवतो, त्यांना वर्गणी माफ.

मंडळ नोंदलेलं आहे का? नसेल तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हींखाली धर्मादाय कार्यालयातून एकत्रच नोंदणी करून घ्या. बिननोंदणीच्या मंडळाशी पालिका करार करणार नाही. आणि करार भाडेपट्ट्याचा करू नका. पालिकेची मिळकत भाड्याने द्यायची म्हटलं की नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ ची बंधनं येतात, आणि तुमच्या बाबतीत तर जागाच पालिकेची नाही, ती भाड्याने काय देणार? 'देखभाल व व्यवस्थापन करार' म्हणा. ताबा पालिकेचा, काम मंडळाचं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कालच नगरसेवकांना कंपास_पेटी यांचे आकडे दाखवले. ते म्हणाले, सभागृहाचा आग्रह त्यांचा नव्हताच, अंदाजपत्रक दुसऱ्या कामाचं तयार होतं, तेच नाव बदलून जोडलं. असेल. नाव बदलायला विसरलेलं एक पान आम्हाला त्यात मिळालंच, त्यावर दुसऱ्याच प्रभागाचा सर्व्हे नंबर आहे.

तर ठरलंय असं. मंजुरी आदेशासाठी एक अर्ज, ठराव-अंदाजपत्रकासाठी दुसरा. मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र, की जागा नावावर करण्याची जबाबदारी कुणाची ते कळवावं. फेरठरावाचा मसुदा आम्ही देतोय: 'खुल्या जागेत बाग विकसित करणे व नियमानुसार अनुज्ञेय क्षेत्रात वाचनालय व अभ्यासिका बांधणे.' 'अनुषंगिक कामे' मुद्दाम काढलं आहे. मंडळाची नोंदणी नाही, ती करावी लागेल. त्यावरून अध्यक्ष कोण हा नवा वाद सुरू झालाय, तो आमचा आम्ही निस्तरू.

एक शंका उरली. मोबदला मागणारे वारस बाकीच्या भावंडांशीही बोलत नाहीत. आदेशात हस्तांतराची अट नसली तर सगळ्यांची संमती लागेल की बहुसंख्यांची चालेल?

@किल्ली_माझ्याकडे, तुमच्या कराराची प्रत नावं खोडून मिळेल का?

काळा_कोट

सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, यात बहुमत नसतं. पण आधी आदेश येऊ दे. अट निघाली तर हा प्रश्नच उरणार नाही.

किल्ली_माझ्याकडे

करार व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. कलम ७ मधली मुदत बदलून घ्या, आमची आम्हाला कमी पडली.